टाकीत मायनस ७२ लिटर पाणी: मायक्रोकंट्रोलरवर मोठे आकडे नीट कसे छापायचे

मामाकडे गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. रोज वर किती पाणी चढतं ते बघायचं म्हणून मी पाइपात वायएफ-एस२०१ नावाचा स्वस्तातला फ्लो सेन्सर बसवला, त्याला आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलरचा (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपचा) बोर्ड जोडला आणि समोर १६ बाय २ चा एलसीडी. हा सेन्सर लिटरमागे साधारण ४५० पल्स म्हणजे विजेचे ठोके देतो, त्यामुळे काम सोपं, पल्स मोजायचे, ४५० ने भागायचं, आलेला आकडा दाखवायचा. मोटर चालू केली, ७० झाले, ७१ झाले, ७२ झाले आणि तिथून एकदम मायनस ७२. मामी दारात उभी, म्हणाली, "अरे पाणी खाली चाललंय का वर?"

मी सेन्सर बदलला, वायर बदलली, सप्लायला कपॅसिटर लावला, अख्खा रविवार घालवला. सेन्सर बिचारा बरोबरच मोजत होता, आकडा ठेवायला मीच छोटा डबा दिला होता. नंतर अशाच पाच-सहा चुका एकामागोमाग केल्या आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की छपाईच गंडलीये, पण बहुतेक वेळा आकडा छापायच्या आधीच कुठेतरी मेलेला असतो, स्क्रीनवर आपण फक्त त्याचं प्रेत बघतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत ज्या क्रमाने आकडा चिपमधून फिरतो. कोडमधले शब्द मी आपण बोलतो तसे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच नेहमीसारखे इंग्रजीत आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून.

पायरी १: तुमच्या बोर्डवर इंट केवढा आहे ते आधी बघा

इंट म्हणजे कोडमध्ये पूर्णांक ठेवायचा नेहमीचा डबा. सेटअपमध्ये सीरियल (कॉम्प्युटरवर अक्षरं पाठवणारी जोडणी) चालू झाल्यावर एक ओळ टाका, सीरियल.प्रिंटएलएन(साइझऑफ(इंट)). उनो, नॅनो, मेगा या जुन्या एव्हीआर चिपच्या बोर्डांवर उत्तर येईल २, म्हणजे दोन बाइट, १६ बिट. ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ या ३२ बिटच्या चिपवर तीच ओळ ४ दाखवेल. म्हणजे मित्राने ईएसपी३२ वर लिहिलेला आणि मस्त चालणारा कोड तुम्ही उनोवर टाकला की तो चुकीचे आकडे द्यायला लागतो आणि मित्र म्हणतो माझ्याकडे तर चालतोय. दोघंही खरं बोलत असतात.

१६ बिटच्या इंटमध्ये मायनस ३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं. ३२७६७ ला ४५० ने भागा, ७२.८ येतात. पुढचा एक पल्स आला की मोजणी गुंडाळली जाऊन थेट मायनस ३२७६८ वर जाते आणि त्याला ४५० ने भागलं की मायनस ७२. मामीच्या टाकीचं कोडं एवढंच होतं.

हाच आजार मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) बरोबर पण होतो. मिलिस इंटमध्ये साठवला तर ३२ सेकंद आणि वर थोडं एवढा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि मग एलईडी चमकायचा थांबतो किंवा येडा होतो. "अर्ध्या मिनिटाने माझा प्रोग्राम अडकतो" असं कोणी म्हणालं की मी आधी तेच विचारतो, मिलिस कशात ठेवलाय.

पायरी २: डबा निवडा, आणि नावातच माप असलेला निवडा

इंट, लाँग असली नावं नवीन माणसाने शक्यतो टाळावीत असं माझं मत झालंय. त्याऐवजी इंट१६_टी, युइंट३२_टी, युइंट६४_टी असे टाइप वापरा, कुठल्याही बोर्डवर त्यांचं माप बदलत नाही. पुढे यु असेल तर मायनस नाही. युइंट१६_टी मध्ये ६५५३५ पर्यंत, इंट३२_टी मध्ये दोन्ही बाजूंना २१४ कोटींच्या आसपास म्हणजे वरती २१४७४८३६४७ पर्यंत, युइंट३२_टी मध्ये ४२९४९६७२९५ पर्यंत, आणि युइंट६४_टी मध्ये वीस अंकी १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंत.

मायनस दिसला की नेटवर कोणीतरी सांगतंच की अनसाइन्ड इंट (मायनस न ठेवणारा इंट) कर, होईल. होत नाही. तेवढ्याने मजल १४५ लिटरपर्यंत जाते आणि मग आकडा गपचूप शून्यावर येतो. मला तर हे मायनसपेक्षा वाईट वाटतं, कारण मायनस बघून निदान शंका तरी येते, शून्यापासून परत चढायला लागलेला आकडा कोणालाही खराच वाटेल.

टाकीसाठी युइंट३२_टी पुरून उरतो. त्यात ९५ लाख ४४ हजार लिटरचे पल्स बसतात, रोज एक टाकी धरली तर २६ वर्षं. मग सरसकट सगळीकडे ६४ बिटच का वापरू नये? चार बाइट जास्त जातात त्याचं काही नाही, पण उनोवर ६४ बिटचा आकडा छापायलाच त्रास आहे, तो पायरी ६ मध्ये येतो, आणि ८ बिटच्या चिपला ६४ बिटचा भागाकार करायला लावणं म्हणजे सायकलवर सिमेंटची पोती. गरज असेल तरच.

पायरी ३: मोठ्या डब्यात टाकायच्या आधी गणित कशात होतंय ते बघा

ही सगळ्यात फसवी जागा, इथे जरा थांबा. मला दिवसातून एकदा लिटरचा हिशोब पाठवायचा होता म्हणून मी लिहिलं, युइंट३२_टी दिवस = २४ * ६० * ६० * १०००. डबा मोठा, उत्तर ८६४००००० मिलिसेकंद, आरामात मावायला पाहिजे. आणि हिशोब यायला लागला दर साडेतेवीस सेकंदांनी.

झालं असं की कंपायलर डावीकडचा डबा बघतच नाही, तो उजवीकडचं गणित आधी उरकतो. २४, ६०, ६०, १००० हे चारही आकडे छोटे, त्यामुळे चारही इंट, आणि इंट गुणिले इंट बरोबर इंट, म्हणजे सगळं गणित १६ बिटात. ८६४००००० मधून ६५५३६ चे जेवढे निघतील तेवढे काढले की उरतात २३५५२, आणि ते मग मोठ्या ऐटीत ३२ बिटच्या डब्यात जाऊन बसतात. ६० * १००० नुसतं लिहून बघा, मायनस ५५३६ येतं, आणि ते अनसाइन्ड ३२ बिटमध्ये टाकलं की होतात ४२९४९६१७६०. एक मिनिटाचा डिले मागितला आणि मिळाला जवळजवळ ५० दिवसांचा.

गंमत म्हणजे थेट १००००० लिहिलं तर काही बिघडत नाही. तो आकडा इंटमध्ये मावत नाही हे कंपायलरला दिसतं आणि तो आपणहून मोठा टाइप घेतो. बिघडतं ते छोट्या-छोट्या आकड्यांच्या गुणाकारात, जिथे एकटा एकटा कोणीच मोठा दिसत नाही.

उपाय, पहिल्या आकड्याला यूएल (अनसाइन्ड लाँग, म्हणजे ३२ बिटचा मायनस नसलेला) चिकटवा, २४यूएल * ६० * ६० * १०००. पहिल्यालाच, कारण गुणाकार डावीकडून होत जातो आणि एकदा पहिला मोठा झाला की पुढचे त्याच्यामागे मोठे होतात. शेवटच्याला लावलं तर तोवर आधीचं सांडून गेलेलं असतं. व्हेरिएबल असेल तर त्याच्या पुढे कंसात युइंट३२_टी लिहा, पण त्या एका व्हेरिएबलच्या पुढे. आख्ख्या गणिताला कंस घालून त्याच्यापुढे लिहिलंत तर ते दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यासारखं आहे.

आणि हे आत्ताच करा, आर्डुइनो आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज म्हणून एक खाना आहे, तो नन वर असतो, त्याला ऑल करा. माझ्या त्या २४ * ६० च्या ओळीवर कंपायलर पहिल्या दिवसापासून ओरडत होता, मी त्याचा आवाज बंद ठेवला होता.

अजून एक. ३२ बिट घेऊनही मी परत एकदा आपटलो, मिलिलिटर काढताना. पल्स * १००० / ४५० असं लिहिलं होतं. पल्स ४२,९४,९६७ च्या पुढे गेले की हजाराचा गुणाकार ३२ बिटात मावत नाही, म्हणजे साडेनऊ टाक्या झाल्या की परत शून्य. त्याची वाट वेगळी काढली, आधी पल्स / ४५० म्हणजे पूर्ण लिटर, मग पल्स % ४५० म्हणजे उरलेले पल्स, आणि फक्त त्या उरलेल्यांना १००० ने गुणून ४५० ने भागायचं. उरलेले कधीच ४४९ च्या वर जात नाहीत, त्यामुळे गुणाकार पावणेपाच लाखाच्या आत राहतो. ६४ बिटची गरजच पडली नाही.

पायरी ४: आता छापा, आणि छापणाऱ्याला माप सांगा

३२ बिटपर्यंत नुसतं सीरियल.प्रिंट वापरत असाल तर काळजी नाही, तो टाइप बघून बरोबर छापतो. एलसीडीचं प्रिंट पण तसंच. भानगड होते ती आकडे अक्षरांच्या ओळीत बसवणाऱ्या स्प्रिंटएफ आणि त्याच्या भावंडांमध्ये, कारण त्यांना टाइप कळत नाही, तुम्ही टक्क्याच्या चिन्हापुढे जे अक्षर लिहाल त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतात.

उनोवर हे करून बघा, समजायला याच्यासारखं दुसरं काही नाही. दोनदा %डी असलेला फॉरमॅट द्या आणि छापायला द्या १००००० आणि ५. अपेक्षा "१००००० ५". येतं "-३१०७२ १". पहिला आकडा चुकला ते ठीक, पण ५ चा १ का झाला? १००००० हा चार बाइटचा, हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायात) ०००१८६ए०. %डी म्हणजे दोन बाइट उचल, म्हणून त्याने खालचे दोन उचलले, ८६ए०, ते मायनस धरून -३१०७२. दुसऱ्या %डी ने पुढचे दोन बाइट उचलले, पण ते ५ चे नव्हतेच, ते १००००० चेच वरचे दोन होते, ०००१. ५ बिचारा रांगेत तसाच उभा राहिला. म्हणजे एक अक्षर चुकलं की त्याच्या मागचे सगळे आकडे चुकतात, आणि आपण शोधत बसतो तो दुसरा सेन्सर का बिघडला.

बरोबर अक्षरं अशी. साधा इंट %डी, अनसाइन्ड इंट %यू, लाँग म्हणजे ३२ बिट मायनससह %एलडी, अनसाइन्ड लाँग %एलयू. तोच कोड दोन-तीन प्रकारच्या बोर्डांवर चालवायचा असेल तर इंटटाइप्स.एच मध्ये पीआरआययू३२ सारखे मॅक्रो आहेत, ते ज्या त्या बोर्डप्रमाणे योग्य अक्षर बसवतात, दिसायला कुरूप आहेत पण कामाचे आहेत. मला कंटाळा येतो म्हणून मी सरळ अनसाइन्ड लाँग मध्ये कास्ट करून (आकड्याआधी कंसात टाइप लिहून) %एलयू लिहितो, ते पण सगळीकडे चालतं.

बफर म्हणजे छापलेली अक्षरं ठेवायचा ॲरे, तो मोजून घ्या. अनसाइन्ड ३२ बिटला दहा अंक आणि शेवटचा शून्य बाइट मिळून ११, मायनसवाल्याला १२. दहाचा ॲरे घेतला तर जोवर आकडे छोटे आहेत तोवर महिनोन्महिने चालेल आणि ज्या दिवशी दहावा अंक येईल त्या दिवशी शेजारच्या व्हेरिएबलची वाट लागेल. स्प्रिंटएफ ऐवजी एसएनप्रिंटएफ वापरा, त्याला बफरचं माप सांगता येतं, निदान बाहेर तरी सांडत नाही. नुसता एकच आकडा अक्षरांत हवा असेल तर एव्हीआरवर युएलटोए नावाचं छोटं फंक्शन आहे, आकडा, बफर आणि १० दिलं की झालं.

पायरी ५: दशांश हवाय? फ्लोट ला हात लावायच्या आधी विचार करा

१२.००६ लिटर असं दाखवायचं असेल तर मन सरळ फ्लोट म्हणजे दशांशाच्या टाइपकडे धावतं. उनोवर दोन गोष्टी आहेत. फ्लोटमध्ये पूर्णांक नेमके राहतात ते १,६७,७७,२१६ पर्यंत, त्याच्या पुढचा १,६७,७७,२१७ टाकून छापलात तर परत २१६ च येतो. आणि उनोवर डबल हा डबल नाहीच, तो पण चार बाइटचा फ्लोटच आहे, नावाला फसू नका. शिवाय सीरियल.प्रिंटला साधारण ४२९ कोटींच्या वरचा फ्लोट दिला तर तो आकडा न छापता ओव्हीएफ अशी तीन अक्षरं छापतो, आणि स्प्रिंटएफला %एफ दिलं तर आर्डुइनोच्या नेहमीच्या सेटिंगला नुसतं प्रश्नचिन्ह येतं.

त्यापेक्षा पायरी ३ मधले दोन तुकडे आपल्याकडे आहेतच, लिटर वेगळे, मिलिलिटर वेगळे, मध्ये टिंब छापा. फक्त एक सांभाळा. ५४०३ पल्स झाले, म्हणजे १२ लिटर आणि ३ पल्स, म्हणजे ६ मिलिलिटर. लिटर, टिंब, मिलिलिटर असं सरळ छापलं तर दिसतं १२.६, म्हणजे ६०० मिलिलिटर. शून्यं गायब. मिलिलिटर %०३एलयू ने छापा, मधला ०३ म्हणजे तीन घरं आणि रिकाम्या घरात शून्य, मग १२.००६ येतं. ही शून्यं खायची सवय पुढेही नडते, लक्षात ठेवा. आकडा मायनस जाऊ शकत असेल, तापमान वगैरे, तर चिन्ह आधी वेगळं छापून मग बाकीचं करा, नाहीतर मायनस ०.५ चा पूर्ण भाग नुसता ० निघतो आणि मायनस हरवतो.

पायरी ६: ६४ बिट, म्हणजे जिथे खरंच कोणी मदत करत नाही

आधी स्वतःला विचारा, लागतंय का? नेहमीचं कारण म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनची वेळ मिलिसेकंदात, तेरा अंकी, काही आयओटी सर्व्हर असाच मागतात. पण तुमच्याकडे सेकंद ३२ बिटमध्ये आहेतच, तर सेकंद %एलयू ने छापा आणि त्याला चिकटून मिलिसेकंद %०३यू ने छापा. तेरा अंक तयार, ६४ बिटचं नावही नाही. सेकंद मात्र अनसाइन्ड ठेवा, साइन्ड ३२ बिट १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद.

तरी लागतंच असेल तर उनोवर काय होतं ते सांगतो. सीरियल.प्रिंटला युइंट६४_टी दिला तर कंपाइलच होत नाही, एरर येतो की हा कॉल ॲम्बिग्युअस आहे, म्हणजे माझ्याकडे इंट, लाँग, डबल छापायचे प्रकार आहेत पण तुझ्या मापाचा एकही नाही, कुठला घेऊ सांग. इथे बहुतेक जण कंसात अनसाइन्ड लाँग लिहून मोकळे होतात, एरर जातो, आणि ५०००००००४२ च्या जागी ७०५०३२७४६ छापलं जातं. एरर परवडला. मग माणूस स्प्रिंटएफ आणि %एलएलयू कडे वळतो. एव्हीआरची लायब्ररी दोन एल बघितले की तिथेच छपाई सोडून देते, पुढचं वाक्यसुद्धा येत नाही. एसटीएम३२ वर छोटी म्हणजे न्यूलिब-नॅनो लायब्ररी लावलेली असेल तर आकड्याच्या जागी चक्क "एलयू" ही अक्षरं दिसतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मीच कोट चुकीच्या जागी टाकलाय. ईएसपी३२ वर मात्र सीरियल.प्रिंटएफ मध्ये %एलएलयू नीट चालतं, तिथे असाल तर ही पायरी सोडून पुढे जा.

उनोवरचा माझा आवडता उपाय तुकडे करण्याचा. एकावर नऊ शून्यं म्हणजे शंभर कोटी, हा आकडा ३२ बिटमध्ये आरामात मावतो. एक फंक्शन लिहा, त्याला युइंट६४_टी द्या. आकडा शंभर कोटींपेक्षा लहान असेल तर अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करून सरळ छापा, आता कास्ट करायला हरकत नाही कारण तो मावतो हे आपण तपासलंय. मोठा असेल तर आधी त्याला शंभर कोटींनी भागून आलेला भाग याच फंक्शनला परत द्या, तो परतला की बाकी उरलेला भाग %०९एलयू ने छापा. बफर दहाचा. बस. सगळ्यात मोठा वीस अंकी आकडा १८, ४४६७४४०७३, ७०९५५१६१५ अशा तीन तुकड्यांत निघतो, म्हणजे फंक्शन स्वतःला जास्तीत जास्त दोनदा बोलावतं, स्टॅक भरायची भीती नाही. ६४ बिटचे भागाकार पण मोजकेच होतात.

०९ विसरलात तर ५०००००००४२ छापताना आधी ५ येतं, मग ४२, आणि दिसतं ५४२. पाचशे कोटींचे पाचशे बेचाळीस. परत तीच शून्यं.

दुसरी पद्धत कॉलेजात शिकवतात ती, दहाने भागत जायचं, बाकी घ्यायची, तिच्यात शून्याचा अक्षर-कोड मिळवायचा आणि बफरमध्ये शेवटून पुढे भरत यायचं. वीस अंक अधिक शेवटचा शून्य बाइट म्हणून बफर २१. लूप डू-व्हाइल घ्या, साधा व्हाइल घेतला तर आकडा ० असताना काहीच छापलं जात नाही. मायनससाठी आकडा आधी अनसाइन्डमध्ये घ्या आणि मग शून्यातून वजा करा, थेट उलटा केलात तर सगळ्यात खालचा मायनस आकडा उलटा होतच नाही, त्याचा प्लस भाऊ त्या डब्यात मावत नाही.

हेक्समध्ये छापत असाल, ईएसपी३२ चा चिप आयडी वगैरे, तर सोपं आहे, ३२ बिट उजवीकडे सरकवून वरचा भाग %०४एक्स आणि खालचा %०८एक्स. नुसतं सीरियल.प्रिंट आणि हेक्स वापरलं तर पुढची शून्यं जातात, ०ए चा ए होतो आणि दोन बोर्डांचे आयडी वेगवेगळ्या लांबीचे येतात.

पायरी ७: इंटरप्टमधला आकडा उचलताना अर्धा उचलू नका

एवढं सगळं झाल्यावर एलसीडीवर एकदा १४५ चे एकदम २९१ दिसले आणि पुढच्याच क्षणी परत १४५. भूत आहे का काय? पल्सची मोजणी इंटरप्ट (पल्स आला की चालू काम थांबवून लगेच चालणारं फंक्शन) वाढवतो आणि मुख्य लूप ती वाचतो. ८ बिटची चिप चार बाइट एकदम वाचू शकत नाही, एकेक करून वाचते. मोजणी ६५५३५ होती, लूपने खालचे दोन बाइट वाचले, दोन्ही एफएफ, तेवढ्यात पल्स आला, मोजणी झाली ६५५३६, आता खालचे बाइट शून्य झाले आणि वरचा ० चा १ झाला, मग लूपने वरचे बाइट वाचले. हातात आलं जुनं खालचं आणि नवीन वरचं, १३१०७१. भागिले ४५०, २९१.

म्हणून व्हेरिएबल व्होलाटाइल करा, आणि वाचताना नोइंटरप्ट्स(), लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी, इंटरप्ट्स(), अशा तीन ओळी. भागाकार, छपाई सगळं कॉपीवर. छपाई त्या दोन ओळींच्या मध्ये करू नका, तेवढ्या वेळात पल्स बुडतात. नुसतं व्होलाटाइल लिहून हे जात नाही, त्याने फक्त दरवेळी मेमरीतून ताजं वाचलं जातं, एकदम वाचलं जात नाही.

पायरी ८: एलसीडीवर मागचे अंक पुसा, आणि जमलं तर स्वल्पविराम टाका

१००० दाखवून मग त्याच जागी ९९९ छापलं तर दिसतं ९९९०, कारण शेवटचा ० कोणी पुसलाच नाही. क्लिअर मारू नका, स्क्रीन लुकलुकते. %१०एलयू ने छापा, डावीकडे मोकळ्या जागा भरल्या जातात आणि आकडा उजवीकडे नीट टेकतो.

मामीला ४५०००० आणि ४५००००० मध्ये फरक दिसेना, त्यामुळे लाख-कोटीचे स्वल्पविराम टाकले. शेवटून अंक भरताना किती अंक झाले ते मोजत जा, पुढचा अंक टाकायच्या आधी मोजणी ३, ५, ७ किंवा ९ असेल तर आधी स्वल्पविराम टाका. तीनपासून पुढचा प्रत्येक विषम, एवढाच नियम. सगळ्यात मोठा ३२ बिटचा आकडा मग ४,२९,४९,६७,२९५ असा येतो, १४ खाने, १६ च्या ओळीत बसतो, बफर १५ चा घ्या.

पायरी ९: टाकी भरायची वाट बघू नका

मी पहिल्या वेळी प्रत्येक टेस्टला मोटर लावायचो, ७३ लिटर चढेपर्यंत खाली बसून राहायचं. वेडेपणा. मोजणीची सुरुवातच ३२७६० पासून करा, पुढच्या दहा पल्समध्ये कळतं. मग ६५५३० पासून, मग ४२९४९६७२९० पासून. छपाईच्या फंक्शनला आधी हे खाऊ घाला: ०, ९, १०, ९९९९९९९९९, १००००००००० आणि ५०००००००४२, शून्यं खाणारा आणि ० वर मुका होणारा दोघंही इथे सापडतात. आणि पल्ससाठी पाणीपण नको, सेन्सर पाइपातून काढून तोंडाने फुंकर मारली तरी आतला पंखा फिरतो. मामी परत दारात येऊन बघेल, तेवढं सोसायचं.